शेजारी म्हणजे नातेवाईक नव्हेत

हा लेख एका तक्त्याच्या विरोधात आहे. स्टेशनरीच्या दुकानात गुंडाळी करून ठेवलेला, वर-खाली पट्ट्या असलेला, चकचकीत तक्ता. तुम्ही-आम्ही लहानपणी तो वर्गाच्या भिंतीवर पाहिला, आणि आता आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तो आपापल्या पोरांच्या खोलीत टांगलाय. ज्यांच्याकडे तक्ता नाही त्यांच्याकडे फ्लॅशकार्ड्स आहेत, ज्यांच्याकडे तीही नाहीत त्यांच्या टॅबवर ॲप आहे. माल तोच. 'पाळीव प्राणी', 'जंगली प्राणी', 'पक्षी', 'कीटक', 'पाण्यातले प्राणी'. पाच तक्ते घेतले की सृष्टी आटोपली.

आता जरा जवळ जाऊन बघा. हत्ती कुठे आहे? एका तक्त्यावर पाळीव, दुसऱ्यावर जंगली. कीटकांच्या तक्त्यावर आठ पायांचा कोळी सहा पायांच्या फुलपाखराशेजारी ऐटीत बसलाय, आणि कोपऱ्यात विंचू. 'पाण्यातले प्राणी' मध्ये देवमासा, शार्क, ऑक्टोपस, कासव आणि स्टारफिश एकाच निळ्या पार्श्वभूमीवर हसतायत. 'पक्षी' वेगळे आणि 'प्राणी' वेगळे, त्यामुळे पाचातली तीन पोरं ठामपणे सांगतात की चिमणी हा प्राणी नाही. आणि माणूस तर कुठल्याच तक्त्यावर नाही. तो तक्ता विकत घेतो :)

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं, लहान मुलांसाठी आहे ते," असं म्हणणार असाल तर थांबा. माझं भांडण नेमकं त्याच वाक्याशी आहे.

माझी भाची दुसरीत आहे. तिला शाळेतून एक वर्कशीट आलं. तीन रकाने: जमिनीवरचे, पाण्यातले, हवेतले. खाली चित्रं, आणि प्रत्येक चित्र योग्य रकान्यात लिहायचं. बाईसाहेबांनी बदक तिन्ही रकान्यांत लिहिलं. चालतं, पोहतं, उडतं. लाल फुली आली. बाईंचं उत्तर: पाण्यातले.

मला त्या बाईंचा राग नाही. पन्नास वह्या तपासायच्या तर उत्तरपत्रिकेतलं एक उत्तर धरूनच चालावं लागतं. मला राग आहे तो प्रश्नाचा. कारण त्या प्रश्नपत्रिकेत बदकाबद्दल सगळ्यांत जास्त माहिती असलेल्या मुलीचे मार्क कापले गेले.

आमच्या धंद्यात हे दुखणं ओळखीचं आहे. नवशिका पोरगा क्लासेस डिझाइन करायला बसतो आणि पहिल्याच दिवशी 'उडणारे प्राणी' नावाचा बेस क्लास बनवतो. त्यातून चिमणी, वटवाघूळ आणि डास काढतो. मग पेंग्विन येतो. मग शहामृग येतं. मग कोडमध्ये 'जर... नाहीतर... पण...' ची माळ लागते आणि सीनियर माणूस कपाळाला हात लावून सांगतो, की बाबा रे, उडणं हा इंटरफेस आहे, बेस क्लास नाही. उडणं हे काम आहे, कुळ नाही. जे आपण ट्रेनीला पहिल्या महिन्यात सांगतो, तेच पोरांना पहिलीपासून दहावीपर्यंत उलटं शिकवतो: जलचर, भूचर, उभयचर, खेचर. (खेचर हो! घोडा-गाढवाच्या संकरालाही आपण तेच म्हणतो. पाठ करणाऱ्या पोरांच्या डोळ्यांसमोर काय उभं राहत असेल देव जाणे.)

गैरसमज नको. राहण्याच्या जागेवरून, खाण्यावरून, उपयोगावरून गट पाडणं चूक नाही. मासळी बाजारात सुरमई, पापलेट, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या आणि माकुल हे सगळं 'मासळी'च असतं, आणि असायलाच हवं. कोळणीच्या पाटीपुढे उभं राहून संधिपाद आणि मृदुकाय असा वाद घालणाऱ्याला ती योग्य तेच उत्तर देईल. बाजाराचा प्रश्न आहे 'कालवणात काय घालू?', आणि त्याचं ते उत्तर आहे. पाळीव-जंगली हाही असाच प्रश्न आहे, पण तो आपल्याबद्दलचा आहे, प्राण्याबद्दलचा नाही. मांजरीला विचारलंत तर ती म्हणेल, माणूस पाळीव आहे.

आक्षेप एवढाच, की मुलांना प्रश्न न सांगता फक्त खोकी दिली जातात. गट पाडण्याआधी 'कशासाठी?' हे विचारायचं असतं, हेच कुणी सांगत नाही. आणि सगळ्यांत भारी प्रश्न, ज्याच्यावर गेली दीडशेहून जास्त वर्षं अख्खं जीवशास्त्र उभं आहे, तो तर विचारलाच जात नाही. कोण कुणाचं कोण लागतं?

हे अवघड आहे म्हणतात लोक. ताई पण म्हणाली, "तिला आत्ताच कशाला घोळात घालतोस? मोठी झाली की कळेल." अहो, आपल्या घरातल्या सात वर्षांच्या पोराला लग्नाच्या हॉलमध्ये सोडून बघा. आत्या, काकू, मामी, मावशी, चुलतभाऊ, मामेबहीण, 'आजीच्या बहिणीच्या मुलाची मुलगी'. इंग्रजीत ज्याला एकच शब्द, त्याला आपल्याकडे चार आहेत, आणि पोरं ते बिनचूक वापरतात. नात्यांचं झाड त्यांच्या डोक्यात आधीच लोड झालेलं असतं. आपण त्याचा उपयोग न करता त्यांना 'खेचर' पाठ करायला लावतो. सोपं कुठलं आणि अवघड कुठलं, तुम्हीच सांगा.

मी भाचीला दोन गोष्टी सांगितल्या. एक, शेजारी म्हणजे नातेवाईक नव्हेत. "तुझी मैत्रीण वरच्या मजल्यावर राहते, ती तुझी बहीण आहे का?" "नाही." "आणि अमेरिकेतला दादा?" "तो भाऊ आहे." झालं. शार्क आणि डॉल्फिन एका सोसायटीत राहतात, एवढंच. दुसरी, युनिफॉर्म सारखा म्हणून भावंडं होत नाहीत. पाण्यात जोरात पळायचं तर अंग निमुळतं लागतं आणि वल्ह्यासारखे पंख लागतात. त्या शाळेचा तो गणवेश आहे. शार्कने घातला, डॉल्फिनने घातला, पेंग्विननेही घातला.

"मग ओळखायचं कसं?"

या प्रश्नासाठी मी वाट बघत होतो. राणीच्या बागेत २०१६ साली आणलेले हम्बोल्ट पेंग्विन तिने पाहिले होते. विचारलं, त्यांच्या अंगावर काय होतं? जरा विचार करून म्हणाली, केस... नाही, पिसं. आज जिवंत असलेल्यांत पिसं फक्त एकाच घराण्यात आहेत. डॉल्फिनचं पिल्लू काय पितं? दूध. दूध पाजणारं घराणंही एकच: आपलं. वटवाघूळही दूध पाजतं, म्हणून ते चिमणीच्या नव्हे, आपल्या बाजूचं. कोळ्याचे पाय मोज, डासाचे मोज. बस, तिला खेळ सापडला. पुढचे दोन तास घरातल्या पालीपासून कॅलेंडरवरच्या नंदीपर्यंत सगळ्यांची चौकशी झाली.

पण खरी गंमत हाडांमध्ये आहे. स्वतःचा दंड चाचपून बघा: एक हाड. कोपरापासून मनगटापर्यंत: दोन हाडं. मग मनगटात बारकी बारकी, आणि मग बोटं. आता रविवारच्या चिकनमधला पंखाचा तुकडा उचला (शाकाहारी मंडळींनी पुढच्या परिच्छेदावर जावं). जाड तुकड्यात एक हाड. त्याच्या पुढच्या चपट्या तुकड्यात दोन. आणि टोकाला चिकटून गेलेल्या बोटांचं काहीतरी. देवमाशाच्या वल्ह्यासारख्या पंखात हेच. मगरीच्या पुढच्या पायात हेच. वटवाघळाचा पंख म्हणजे तर लांबच लांब बोटांवर ताणलेली कातडी. उडायला, पोहायला, चालायला आणि की-बोर्ड बडवायला चार वेगळी डिझाइन्स करायला हवी होती. इथे एकच जुना कोड चारदा वाकवलाय. असं फक्त एकाच कंपनीच्या प्रॉडक्ट्समध्ये होतं. सात वर्षांच्या मुलीला हे ताटात दिसतं, त्यासाठी कुठलंही ॲप लागत नाही.

आणि एकदा नातं विचारायला लागलं की काय काय बाहेर येतं! मगर ही पालीची मोठी बहीण वाटते ना? सांगलीकडे कृष्णेत ज्या मगरी आहेत त्यांचं आजचं सगळ्यांत जवळचं नातं पालीशी नाही, पक्ष्यांशी आहे. मगरीच्या हृदयाला पक्ष्यांसारखेच चार कप्पे असतात, ती घरटं करते, अंड्यातून पिल्लांचा आवाज आला की उकरून बाहेर काढते आणि तोंडात धरून पाण्यापर्यंत नेते. म्हणजे 'सरपटणारे प्राणी' हा गट करून त्यातून पक्ष्यांना वगळणं हे घरच्या कार्याला सख्ख्या भावाला न बोलावण्यासारखं आहे. देवमाशाचा जिवंत असलेला सगळ्यांत जवळचा नातेवाईक पाणघोडा. म्हणजे नावात मासा असलेला आणि नावात घोडा असलेला, दोघेही ना मासा ना घोडा. खवले मांजर मांजर नाही. तरस कुत्र्यासारखं दिसतं पण मांजरांच्या बाजूचं आहे. आणि कोळंबी ही झुरळाची नातेवाईक आहे, अगदी लांबची पण खरीखुरी. (हे मी जेवताना सांगितलं. त्या दिवशी कोळंबी मला जास्त आली.)

बरं, हे गट कुणी दगडावर कोरून ठेवलेत असंही नाही, आणि मुलांपासून सगळ्यांत जास्त लपवली जाणारी गोष्ट हीच. आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणारा स्वीडनचा लिनियस. त्याच्या 'सिस्टेमा नॅचुरी' च्या १७३५ च्या पहिल्या आवृत्तीत देवमासा माशांमध्ये होता. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने तो तिथून उचलून सस्तन प्राण्यांत टाकला, आणि 'सस्तन' हे नावही तेव्हाच आलं. त्याच आवृत्तीत वटवाघूळ माकडं आणि माणसांच्या गटात आहे, आणि गेंडा चक्क उंदरांबरोबर! कारण साहेब दात मोजत होते. पुढे १७९९ मध्ये जॉर्ज शॉने ऑस्ट्रेलियातून आलेल्या प्लॅटिपसचं वर्णन लिहिलं, तेव्हा त्याला शंका होती की कुणीतरी बदकाची चोच दुसऱ्या जनावराला शिवून पाठवलीय. हा प्राणी दूध पाजतो आणि अंडीही घालतो याची पक्की खात्री व्हायला १८८४ साल उजाडलं. आणि लिनियसचे हे कप्पे मुळात जमतात का, याचं उत्तर १८५९ साली डार्विनने दिलं: ते कप्पे नाहीत, ती वंशावळ आहे. त्याच्या त्या जाडजूड पुस्तकात आकृती एकच आहे, फांद्या फुटत जाणारी.

म्हणजे बघा, इतकी वर्षं बग सापडतायत, फिक्स होतायत, नवीन व्हर्जन निघतंय. आणि पोरांसमोर आपण ठेवतो ती जणू स्वर्गातून पडलेली फायनल यादी. 'रिकाम्या जागा भरा'.

आता, हे नुसतं हौशी लोकांचं नाजूक दुखणं नाही, हे पटत नसेल तर सापांकडे या.

'पाण्यातले साप बिनविषारी असतात' हे मी गावाकडे आणि शहरात, दोन्हीकडे छातीठोकपणे सांगितलेलं ऐकलंय. विहिरीत, ओढ्यात दिसणाऱ्या दिवडापुरतं ते खरंही आहे. पण हे तक्त्यातलं वर्गीकरण झालं, पाण्यातले आणि जमिनीवरचे. तेच घेऊन कोकणच्या किनाऱ्यावर जा. मच्छीमारांच्या जाळ्यात जे समुद्री साप येतात ते नागाच्या घराण्यातले आहेत, आणि विष त्याच घराण्याला शोभेलसं. पत्त्यावरून काही कळलं नाही, कुळावरून कळलं.

जमिनीवरही तेच. आपल्याकडचे चार मोठे विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस, फुरसं. यातले नाग आणि मण्यार एका घराण्यातले. त्यांचं विष मुख्यतः मज्जासंस्थेवर चालतं, पापण्या मिटायला लागतात, श्वास अडकतो. घोणस आणि फुरसं दुसऱ्या घराण्यातले. त्यांचं विष मुख्यतः रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं. म्हणजे नातं माहीत असलं की पुढचं बरंचसं ओळखता येतं, आणि चांगल्या वर्गीकरणाची परीक्षा हीच असते: एक गोष्ट सांगितली की न सांगितलेल्या चार कळल्या पाहिजेत. 'जंगली' म्हटल्यावर काय कळतं? काही नाही. 'युनिफॉर्म' वालं प्रकरण इथेही आहेच. पट्टेरी बिनविषारी कवड्या आणि मण्यार सहज एकमेकांसारखे वाटतात. डुरक्या घोणस नावाचा बिनविषारी साप आणि खरी घोणस यांच्यातही अशीच गल्लत होते. एकीकडे कवड्या उगाच मारला जातो, दुसरीकडे मण्यार 'काही नाही रे, बिनविषारी' म्हणून हाताळली जाते. (मुलांना ओळख शिकवायची ती लांबून बघण्यासाठी. हात लावायचा नाही, आणि चावला तर ओळखत न बसता थेट हॉस्पिटल.) २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली. ज्या देशात हा आकडा आहे त्या देशातल्या मुलांना सापाबद्दल काय शिकवतात? 'सरपटणारा प्राणी', एक मार्क.

वर्गीकरणाचा कणाच उत्क्रांती आहे, आणि तो कणाच आपण काढून ठेवतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या, २०१८ साली आलेल्या पुस्तकात निदान दोन्ही आहेत, पण पहिला धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा, आणि प्राण्यांचं वर्गीकरण सहावा धडा. मध्ये चार धड्यांची दरी. एनसीईआरटीने तर २०२२ मध्ये ओझं कमी करताना दहावीतून उत्क्रांतीच वगळली, आणि २०२३ च्या छापील पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याचं नाव नुसतं 'आनुवंशिकता' राहिलं. एप्रिल २०२३ मध्ये १८०० पेक्षा जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं. उत्तर असं मिळालं, की बारावीच्या जीवशास्त्रात आहे की! आहे ना. पण बारावीला जीवशास्त्र घेतं कोण? तुम्ही घेतलं होतंत? आपल्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी दहावीनंतर त्या विषयाला रामराम ठोकलाय. 'मोठी झाली की कळेल' चा हा असा शेवट होतो: मोठे होतात, कळत नाही, आणि मग स्वतःच्या पोरासाठी तोच तक्ता घेऊन येतात.

मला लोक विचारतात, मग पाच वर्षांच्या मुलाला काय, डीएनए शिकवू? नका शिकवू. पाच वर्षांच्या मुलाला आपण पणजोबांचा फोटो दाखवतोच ना, 'हे तुझ्या आजोबांचे बाबा' म्हणून? त्याला गुणसूत्रं माहीत नसतात, तरी नातं कळतं. तसंच सांगायचं. खूप खूप पूर्वी एक आजी होती, तिची काही पिल्लं पाण्यात राहिली, काही बाहेर आली. तपशील चुकले तरी चालतील, दिशा बरोबर आहे. पुढच्या वर्षी त्यावर मजला चढवता येतो. 'पाण्यातले प्राणी' वर काहीच चढवता येत नाही, ते आधी पाडावं लागतं. सोपं सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं.

उरला मार्कांचा प्रश्न, जो शेवटी प्रत्येक आईबापाच्या मनात असतोच. वर्कशीटवर वटवाघूळ आलं तर पोरीने काय लिहायचं? ताईचं मत, 'हवेतले' लिही आणि मोकळी हो. माझं मत, 'हवेत उडणारं, दूध पाजणारं' असं लिही. रकान्यात मावलं नाही तर बाहेर लिही. फुली आली तर येऊ दे. मी इतक्या लोकांचे इंटरव्ह्यू घेतलेत, दुसरीतल्या परिसर अभ्यासाचे मार्क आजवर एकालाही विचारलेले नाहीत. यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. सोमवारी चाचणी आहे.